दोन साडू आणि जवसाचं तेल

नोकरीतल्या कितीतरी घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या गावची, हे आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. एका बिछायतीच्या गोदामाला लागलेली आग मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. आगीच्या बाकी आठवणी निघाल्या की मन खट्टू होतं, ही आठवली की मला हसू येतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून त्याच गावात आहेत आणि सुखात आहेत.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी-आर्णीच्या पट्ट्यातल्या एका गावी ठाणेदार होतो. कापूस विकून झालेला, तुरी घरात आलेल्या, एप्रिलचं ऊन आणि लग्नसराई. या दिवसांत आमच्या ठाण्याचं काम ठरलेलं असे. डीजेच्या आवाजाच्या तक्रारी, वरातीत नाचताना लागलेले धक्के आणि त्यावरून फुटलेली डोकी, मांडवाबाहेरून चोरीला गेलेल्या मोटारसायकली. अशाच एका दुपारी फोन आला की बाजाररस्त्यावरच्या बिछायत केंद्राच्या गोदामाला आग लागली आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाची भांडी भाड्याने देणारं हे गावातलं जुनं दुकान.

आम्ही पोचलो तेव्हा नगरपरिषदेचा बंब पाणी मारत होता. जीवितहानी नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या वितळून त्यांचे लाल-निळे गोळे झाले होते, गाद्यांतला कापूस धुमसत होता. मागच्या कोपऱ्यात दोन मोठ्या सागवानी खुर्च्यांचे कोळसे पडले होते. नवरानवरीला बसवतात त्या, राजा-राणी म्हणतात त्या खुर्च्या. मालक पन्नाशी ओलांडलेला, उंच, जाड मिशांचा माणूस. तो त्या दोन कोळशांपुढे उकिडवा बसून राहिला होता. बाकी माल गेल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

"साहेब, पुढच्या महिन्यात माह्या पोरीचं लग्न हाये," तो म्हणाला. "याच खुर्च्यायवर ती बसणार होती. माह्या बापानं बनवून घेतलेल्या व्हत्या."

मग उठला, मिशांवरून हात फिरवला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "लिहून घ्या. आग माह्या साडूनं लावली."

रस्त्यापलीकडे दुसरं बिछायत केंद्र होतं. ते त्याच्या साडूचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. दोघांनी वीसेक वर्षं एकत्र धंदा केला आणि दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले. भांडण पैशाचं नव्हतं. एका लग्नात मांडवाला पडदे कोणत्या रंगाचे लावायचे यावरून बोलाचाली झाली आणि दोघेही माघार घेईनात, एवढंच. वेगळे झाल्यावर दोघांनी दुकानाचं जुनं नावच ठेवलं. एकाने पाटीवर 'असली' लिहिलं, तर दुसऱ्याने 'जुने व असली'. गावाला त्याची गंमत वाटे. दोघांच्या बायका मात्र सख्ख्या बहिणी. एकीकडे पुरणपोळी झाली की दुसरीच्या घरी जायचीच, मागच्या दाराने. वाचणाऱ्यांना सोपं जावं म्हणून ज्याचं गोदाम जळलं त्याला मी थोरले म्हणतो आणि दुसऱ्याला धाकटे.

पंचनामा सुरू केला. वीज कंपनीचा माणूस मेन स्विच पाहून म्हणाला की स्विच बंदच होता, तारांचा दोष दिसत नाही. पुढचं कुलूप थोरल्यांनी स्वतः उघडलं होतं, मागच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. विमा उतरवलेला नव्हता, त्यामुळे मालकानेच लावली असेल ही शंकाही उरली नाही. आग कुठून सुरू झाली हे शोधायचं तर सगळ्यात खोल कुठे जळलं आहे ते पाहायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ती जागा राजा-राणी खुर्च्यांच्या शेजारी होती. तिथे एक पत्र्याचा डबा पडला होता. त्यात वरच्या बाजूला चिंध्यांची राख होती आणि तळाशी एक घट्ट दाबलेला बोळा अर्धवट जळून उरला होता. बोळा तेलकट होता.

आमचे हवालदार नाकाचे पक्के म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी डबा हुंगला आणि जाहीर केलं, "रॉकेल हाये साहेब. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. बोळा काचेच्या बरणीत घालून झाकण लाखेने सीलबंद केलं. प्लास्टिकच्या पिशवीतून तेलाची वाफ उडून जाते, म्हणून बरणी. गोदामाच्या पुढच्या भागात स्वयंपाकासाठी ठेवलेले सोयाबीन तेलाचे डबे होते, जनरेटरचं डिझेल होतं. त्यांचेही नमुने वेगवेगळे घेतले. नाही तर उद्या कोणी म्हणेल, तेल तर गोदामातच होतं.

संध्याकाळी एक फोन आला. गोदामामागच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे, तो चालवणारा बोलत होता. आवाज दबका.

"साहेब, माह्यं नाव येऊ देऊ नका. मले दोन्ही दुकानायचं गिऱ्हाईक लागते."

"नाव येणार नाही. काय पाहिलं ते सांग."

"सकाळी धाकटे मागच्या गल्लीतून गेल्ते. हातात पांढरी कॅन व्हती. मान खाली घालून, लगबगीनं. रोज माह्याकडून खर्रा घेतात, आज पाह्यलंबी नाही माह्याकडे."

"आग तर दुपारी लागली."

"ते मले मालूम नाही साहेब. म्या पाह्यलं ते सांगितलं."

हे अंतर मलाही खटकत होतं. सकाळी आग लावायची आणि ती दुपारी पेटायची, हे कसं? हवालदारांकडे त्याचंही उत्तर होतं. "उदबत्ती लावून ठेवली असन. जळत जळत चिंधीपर्यंत गेली का झालं." हे अगदीच अशक्य नव्हतं. असं केलेलं मी ऐकलेलं होतं.

धाकट्यांना दुकानातून आणलं. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, एरवी सगळ्यांशी चेष्टा करणारा माणूस. पांढरी कॅन त्यांच्याच दुकानामागे सापडली. तळाशी थोडं तेल होतं. ती जप्त करून तिचाही नमुना घेतला आणि सगळे नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. मग त्यांना समोर बसवलं. चौकशीत मी सुरुवातीला आवाज चढवत नसे. घाबरलेला माणूस खरं बोलतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की घाबरलेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो.

"सकाळी मागच्या गल्लीत कशाला गेला होतात?"

"असाच गेल्तो."

"कॅन घेऊन?"

"हो."

"कॅनमध्ये काय होतं?"

"तेल."

"कशाचं तेल?"

धाकटे गप्प.

"गोदामात गेला होतात का?"

पुन्हा गप्प. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी शपथा घालतो, लेकरांची नावं घेतो. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. नुसतं टेबलाकडे पाहत राहिले. शेवटी एकच वाक्य बोलले. "साहेब, म्या आग लावली नाही. बाकी मले काही विचारू नका."

"बिडी-सिगारेट ओढता?"

"नाही जी. खर्रा खातो."

खर्रा म्हणजे चघळायची तंबाखू-सुपारी. तेव्हा बिडीचं थोटूक पडून आग लागली, ही वाटही बंद झाली.

जुना वाद, गल्लीतला वावर, कॅन आणि मौन. एवढ्यावर अटक करणं भाग होतं. न्यायालयाने आधी पोलीस कोठडी दिली, नंतर जामीन दिला आणि रोज सकाळी ठाण्यात हजेरी लावायची अट घातली. गुन्हा किरकोळ नव्हता. सिद्ध झाला असता तर धाकट्यांची उरलेली उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती.

त्या हजेरीपासून आमच्या ठाण्यात रोजचा एक प्रयोग सुरू झाला. सकाळी धाकटे सही करायला येत आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसत. थोड्या वेळाने तपास कुठवर आला हे विचारायला थोरले येत आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत. मधे दोन माणसांची जागा मोकळी. ती जागा त्यांच्या बायका येऊन भरत, कारण दोघी बरोबरच यायच्या. एकच डबा आणायच्या आणि दोघांनाही त्यातलंच द्यायच्या. थोरले भिंतीकडे तोंड करून खात, धाकटे रस्त्याकडे. हवालदार मला हळूच म्हणाले, "साहेब, आरोपी अन् फिर्यादी एकाच डब्यातून जेवताना म्या पह्यल्यांदा पाहून राह्यलो."

थोरल्यांची मुलगी, जिचं लग्न होतं ती, एक दिवस स्वतः ठाण्यात आली. शिकलेली, ठाम बोलणारी. वडिलांसमोरच मला म्हणाली, "काका, माझे मावसाजी आग लावणार नाहीत. आणि त्यांच्यावर हे किटाळ असेपर्यंत मी बोहल्यावर चढणार नाही. हे मी सासरच्यांनाही कळवलंय."

थोरल्यांचा चेहरा उतरला. पण हट्ट काही उतरला नाही. "लॅबचा रिपोर्ट येऊ दे," ते म्हणाले.

रिपोर्ट लवकर मिळावा म्हणून मी विनंतीचं पत्र दिलं होतं, पाठपुरावाही करत होतो. लग्नाला आठवडाभर उरला असताना तो आला. डब्यातल्या बोळ्यात रॉकेल नाही, पेट्रोल नाही, डिझेल नाही. वनस्पती तेल आहे. त्यातल्या मेदाम्लांवरून, म्हणजे फॅटी ॲसिडवरून, ते जवसाचं तेल असल्याचं दिसतं. गोदामातल्या सोयाबीन तेलाशी ते जुळत नाही. धाकट्यांच्या कॅनमधलं तेलही जवसाचंच आहे.

हवालदारांनी नाक चोळलं आणि दुसऱ्या कामाला लागले. थोरले मात्र बाकावरून उठून उभे राहिले. "झालं ना सिद्ध? त्याच्या कॅनीतलं तेल अन् डब्यातलं तेल एकच."

कागदावर पाहिलं तर खरंच झालं होतं. मला मात्र चैन पडेना. धाकट्यांच्या दारात मोटारसायकल उभी होती, टाकीत पेट्रोल होतं. आग लावायला निघालेला माणूस पेट्रोल सोडून जवसाचं तेल कशाला नेईल? आमच्याकडे जवसाची चटणी होते, तेल जेवणात येतं. त्याने कुणी घरं पेटवल्याचं मी ऐकलं नव्हतं. अहवालावर ज्यांची सही होती त्या मॅडमची वेळ घेतली आणि नागपूरला गेलो.

मॅडम चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं आणि संगणकावर आलेख उघडला. सपाट रेघ, आणि तिच्यावर मधेमधे उभे राहिलेले उंच-बुटके सुळके.

"प्रत्येक तेलात मेदाम्लांचं मिश्रण असतं," त्या म्हणाल्या. "तीच पाच-सहा आम्लं, पण प्रत्येक तेलात त्यांचं प्रमाण वेगळं. आम्ही आधी तेलावर प्रक्रिया करून त्याची वाफ होईल असं करतो आणि मग ती एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून सोडतो. प्रत्येक आम्ल आपापल्या वेळेला बाहेर पडतं. एक आम्ल, एक सुळका. जेवढं जास्त, तेवढा सुळका मोठा."

"म्हणजे ओळखपरेडच की."

"तसंच समजा. हे पाहा सोयाबीन. हा शेवटचा सुळका लिनोलेनिक आम्लाचा, अगदी बुटका आहे. सरकीच्या तेलात तर तो जवळजवळ दिसतच नाही. आणि आता हे जवस."

जवसाच्या आलेखात तो शेवटचा सुळका बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला होता.

"निम्म्याहून जास्त तेच आम्ल असतं," मॅडम म्हणाल्या. "आगीत हेच आधी नष्ट होतं. तरी तुमच्या बोळ्यात इतकं शिल्लक आहे. म्हणून मी जवसाचं नाव लिहू शकले."

मी माझी शंका सांगितली. पेट्रोल असताना जवस कशाला? मॅडमनी मलाच उलट विचारलं, "साहेब, काडी लावल्याचा पुरावा आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"काडी लागतच नाही. हे आम्ल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, म्हणून तर जवसाचं तेल लाकडावर वाळून चकचकीत बसतं. रंगारी ते उकळून वापरतात, बेलतेल म्हणतात त्याला. पण वाळताना त्यातून उष्णता निघते. चिंधी दोरीवर पसरली असेल तर ती उडून जाते. तीच बोळा करून डब्यात कोंबली आणि वर पत्र्याचं तापलेलं छप्पर असलं, तर उष्णता आतच साठते. काही तासांनी आपोआप पेट घेते."

मला एकदम त्या दोन सागवानी खुर्च्या आठवल्या. परतीच्या रस्त्यावर मी एकेक गोष्ट जुळवत होतो. सकाळ ते दुपार हे अंतर, न तुटलेलं कुलूप, जवसाचं तेल, खुर्च्यांशेजारचा डबा. सगळं एका जागी येत होतं. फक्त धाकटे गप्प का, हे कळत नव्हतं. आग आपण लावली नाही हे ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या बचावाचं एक अक्षर का बोलत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला चौघेही बाकावर होते. मी धाकट्यांना आत न बोलावता तिथेच खुर्ची टाकून बसलो.

"आज वेगळा प्रश्न विचारतो," मी म्हणालो. "राजा-राणी खुर्च्यांना पॉलिश कोणी केलं?"

धाकट्यांची मान झटक्यात वर झाली. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर गेली ती थोरल्यांच्या बायकोकडे. आमच्याकडे बायकोच्या मोठ्या बहिणीला अकडसासू म्हणतात आणि तिला मान सासूचाच. धाकट्यांनी डोळ्यांनीच त्यांना नको म्हणून खुणावलं. मी इतके दिवस चुकीच्या तोंडाकडे पाहत होतो, हे मला तेव्हा समजलं.

थोरल्यांच्या बायकोने डबा खाली ठेवला आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

"मागच्या दाराची चावी म्या देल्ली साहेब," त्या म्हणाल्या. "त्यायले म्याच बलावलं व्हतं. धंदा एकत्र व्हता तवा दरसाली खुर्च्यायले तेल तेच लावत. त्यायच्यासारखा हात कोणाचा नाही. पोरगी ज्या खुर्चीत बसन, तिले तिच्या मावसाचा हात लागला पायजे असं मले वाटे. पोरीच्या बापाले विचारलं असतं तं यायनं नाही म्हटलं असतं. मंग म्या चोरून बलावलं."

"मग इतके दिवस बोलल्या का नाहीत?"

"कशी बोलू? चावी देल्ली म्हटलं तं ते आत गेल्ते हे पक्कं झालं असतं. आग त्यायच्याच अंगावर आली असती. बहिणीचं कुकू हाये ते."

आता धाकटे बोलले. "म्याच ताईले सांगितलं व्हतं, तुमी बोलू नका म्हणून. चावीचं भाऊजीले समजलं असतं तं लग्नाच्या घरात भांडण झालं असतं."

"आणि चिंध्या?"

"डब्यात दाबल्या साहेब. बाहेर वाळू घातल्या असत्या तं भाऊजीले पाह्यल्याबरोबर समजलं असतं का मी येऊन गेलो."

म्हणजे तो एकीला सांभाळत होता, ती त्याला सांभाळत होती, आणि दोघं मिळून लपवत होते तो एक चांगुलपणा. त्याच लपवण्याने आग लागली होती. धाकट्यांना स्वतःलाही ते अजून कळलं नव्हतं. मी मॅडमनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून खाली बसले.

थोरले मात्र ऐकेनात. बायकोकडे न पाहता ते माझ्याशीच वाद घालू लागले. "तेल आपोआप पेटते? साहेब, माह्या घरी आज्यापासून जवसाचं तेल खातात. कोणाचं पोट पेटल्याचं म्या आयकलं नाही."

"ठीक आहे," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांसमोर पाहू."

दुसऱ्या सकाळी ठाण्याच्या मागच्या अंगणात भिंतीपासून दूर दोन पत्र्याचे डबे ठेवले. एकात धाकटे वापरत त्याच बेलतेलात भिजवलेल्या सुती चिंध्या दाबल्या, दुसऱ्यात सोयाबीन तेलातल्या. दोन पंच बोलावले, एका शिपायाला मोबाईलवर चित्रण करायला बसवलं, आणि पाण्याच्या बादल्या नि वाळू हाताशी ठेवली. न्यायालयात चालणारा पुरावा प्रयोगशाळेचाच होता, हे मला माहीत होतं. हा खटाटोप एकाच माणसासाठी होता. तो माणूस छत्री उघडून, डब्यांसमोर खुर्ची टाकून बसला.

ऊन चढलं. काही होईना. हवालदारांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. थोरले अधूनमधून म्हणत, "पेटलं काय?" आणि मिशीत हसत. बायका सावलीत बसल्या होत्या. मुलगीही आली होती. जेवणवेळ झाली तरी दोन्ही डबे आपले गुमान बसलेले. खरं सांगतो, माझाही धीर सुटत चालला होता. ठाणेदार चिंध्यांवर पहारा देतोय ही बातमी तोवर बाजारात पोचली होती आणि कुंपणापलीकडे बघे जमले होते.

जेवण करून हवालदारांनी बेलतेलाच्या डब्यावर सहज हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दुसऱ्या डब्याला हात लावला, तो नुसता उन्हाने तापला होता. थोड्याच वेळात पहिल्या डब्यातून एक पिवळसर, नाकाला झोंबणारा धूर निघू लागला. थोरल्यांनी छत्री मिटली. धूर दाट होत गेला, चिंध्यांच्या मधोमध एक लाल ठिपका दिसला, आणि वाऱ्याची झुळूक येताच भक्कन जाळ उठला. कुंपणापलीकडून लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिपायाने मोबाईल तसाच धरून ठेवत दुसऱ्या हाताने वाळू ओतली.

थोरल्यांनी वाकून त्या डब्यात पाहिलं. मग सरळ धाकट्यांसमोर जाऊन थांबले. मी सावध होऊन दोन पावलं पुढे सरकलो.

"वीस वर्षं," थोरले म्हणाले, "वीस वर्षं तू त्या चिंध्या माह्या कुंपणावर वाळू घातल्या. अन् वीस वर्षं म्या तुले शिव्या देल्ल्या, का कुंपण खराब करतं म्हणून."

"हो भाऊजी."

"तं मंग याच साली काहून आयकलं माह्यं?"

धाकट्यांना हसू आवरेना. त्यांचं पाहून दोन्ही बहिणी हसू लागल्या, मग मुलगी, आणि शेवटी थोरले स्वतः. हसता हसता त्यांच्या मिशा ओल्या झाल्या. गमछ्याने तोंड पुसत ते बायकोकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "चावी मले मागितली असती तं म्या देल्ली असती." बायकोने नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला, त्यांनाही कळला.

प्रयोगशाळेचा अहवाल आणि सगळ्यांचे जबाब जोडून मी न्यायालयात क समरी पाठवली. तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाही घडला नव्हता, असं ज्या वेळी आढळतं त्या वेळी तपास असा बंद करतात. धाकट्यांवरचं किटाळ गेलं. लग्न ठरल्या तिथीला झालं. थोरल्यांकडे मांडवाला कापड उरलं नव्हतं, म्हणून सगळा मांडव धाकट्यांच्या दुकानातून आला. पडद्यांचा रंग मुलीने ठरवला, दोघांनाही न विचारता. आम्हालाही निमंत्रण होतं. पंगतीत वाढणाऱ्याने जवसाची चटणी आणली तेव्हा हवालदार ताट घेऊन थोडे लांब सरकले, आणि मग दोनदा मागून घेतली.

मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या कामात शेवट काय झाला हे आम्हाला कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं. त्यानंतर कोणत्याही प्रकरणात प्रयोगशाळेचा अहवाल आला की मी निकाल कळवायचा रिवाज ठेवला. आणि अहवाल नुसता फाईलला न लावता, त्यामागच्या माणसाला एक तरी प्रश्न विचारायचा, हेही तेव्हापासून ठरवून टाकलं. यंत्राने तेल बिनचूक ओळखलं होतं. त्या उत्तराचा अर्थ जर मी नागपूरला जाऊन विचारला नसता, तर त्याच खऱ्या उत्तरावर एक निरपराध माणूस आत गेला असता.

पण या प्रकरणाने मला शिकवलं ते याहून निराळं. पोलिसाच्या नोकरीत गप्प बसलेला माणूस दिसला की आपण समजतो, हा काहीतरी वाईट लपवतोय. त्याचा वैरी कोण, त्याला राग कुणाचा, हेच आम्ही आधी शोधतो. त्या बाकावर चार माणसं रोज एका डब्यातून जेवत होती आणि मी त्यांच्यात वैर शोधत होतो. पुढच्या नोकरीत असा गप्प माणूस समोर आला की मी त्याला चहा द्यायचो आणि विचारायचो, "तुझा कुणावर राग आहे हे राहू दे. तू सांभाळतोयस कुणाला, तेवढं सांग." दर वेळी उत्तर मिळालं असं नाही. पण हा प्रश्न ऐकून माणूस मान वर करून माझ्याकडे पाहायचा, आणि खरं बोलणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू व्हायचं.